मुलाचें पहिलीचें वर्ष : काय मागावें, काय मागूं नये

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा हीं महाराष्ट्रांत जवळजवळ बरोबरच येतात. जूनच्या मध्यास शाळा उघडते, विदर्भांत उन्हाळा ध्यानीं घेऊन कांहीं दिवस उशिरा. आणि ज्या घरांतलें मूल पहिलींत गेलें आहे त्या घरांत त्या दिवसापासून एक नवें बोलणें सुरू होतें. आजोबा विचारतात, पाढे कधीं सुरू होणार ? काका म्हणतात, इंग्रजीचें काय ? आत्या सांगते कीं आमचा मुलगा पहिलींत असतांनाच वर्तमानपत्र वाचीत असे. मुलाची आई यांपैकीं कोणासहि उत्तर देत नाहीं. ती रात्रीं मुलाला घेऊन बसते आणि एकच ओळ दहा वेळां गिरवून घेते. प्रत्येकाची अपेक्षा निराळी, आणि त्या सर्वांचें ओझें वाहणारा खांदा मात्र एकच, तोहि सहा वर्षांचा.

पालकांनीं अपेक्षा ठेवूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें अपेक्षा नाहीं तेथें लक्षहि नसतें. परंतु अपेक्षा जमाखर्चासारखी मांडावी. शाळेकडून काय येणें आहे, मुलाकडून काय येणें आहे आणि आपल्याकडून काय देणें आहे, अशीं तीन खातीं निराळीं केलीं म्हणजे पुष्कळ वाद आपोआप मिटतात. बहुतेक घरांत होतें काय, कीं शाळेकडचें येणें मुलाच्या नांवें टाकतात, आणि आपलें देणें कोणत्याच खात्यावर दिसत नाहीं.

खातीं उघडण्यापूर्वीं वयाची गोष्ट सांगितली पाहिजे. सहा वर्षें पुरीं झालेलें मूल पहिलींत घ्यावें हा सर्वसाधारण नियम. तीं कोणत्या तारखेस पुरीं व्हावींत यासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं ३१ डिसेंबर हा दिवस धरला. याचा अर्थ असा, कीं जून महिन्यांत एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकीं एक जवळजवळ साडेसहा वर्षांचें व दुसरें साडेपांच वर्षांचें असूं शकतें. बारा महिन्यांचें अंतर चाळिशींतल्या माणसांत कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. साडेपांच वर्षांच्या मुलाच्या हिशेबीं मात्र तें त्याच्या साऱ्या आयुष्याच्या पांचव्या हिश्शाच्या जवळपास जातें. जानेवारींत जन्मलेल्या शेजारच्या मुलाशीं आपल्या डिसेंबरच्या मुलीची तुलना करणाऱ्या आईनें आधीं दोघांचे जन्मदिवस विचारावे. अर्धी काळजी तेथेंच संपेल.

आतां शाळेचें खातें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक नामदार गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलें. पुढल्या वर्षीं तें फेटाळलें गेलें. त्या मागणीस सर्व देशाला लागू होणाऱ्या कायद्याचें रूप यावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यांतल्या कांहीं गोष्टी घरोघर ठाऊक असाव्यात. पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं वर्षाला निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे आणि निदान ८०० तास शिकवणें झालें पाहिजे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक असें सर्वसाधारण प्रमाण आहे. प्रवेश देतांना मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेतां येत नाहीं. मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई आहे. “आम्हांला गुरुजींनीं बदडलें म्हणूनच आम्ही शिकलों,” असें सांगणारे आजोबा अद्याप भेटतात. ते शिकले हें खरें. परंतु त्याच छडीच्या भयानें जे शाळा सोडून गेले, त्यांची हकीगत सांगावयाला कोणी दिवाणखान्यांत बसलेलें नसतें.

पालकांशीं वेळोवेळीं भेटून मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत व प्रगति सांगणें हें याच कायद्यानें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें आहे. तेव्हां बाईंना किंवा गुरुजींना भेटावयास जातांना आपण उपकार मागावयास जात आहों असा संकोच नको, आणि जाब विचारावयास जात आहों असा ताठाहि नको. वर्षांतून तीन भेटी पुरेत : एक श्रावणाच्या सुमारास, एक दिवाळीनंतर आणि एक फेब्रुवारींत. एप्रिलमध्यें निकालाच्या दिवशीं विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग मुलाला होत नाहीं. वर्ष त्या वेळीं हातचें गेलेलें असतें.

त्या आठशें तासांचा थोडा हिशेब करूं. वर्षाचे एकूण तास ८,७६०. झोपेचे रोजचे दहा तास वजा केले तरी ५,११० उरतात. मुलाच्या जागेपणाच्या वेळांतला सहावा हिस्साहि शाळेला मिळत नाहीं. बाकीचा सर्व घराचा. ‘शाळेंत कांहीं शिकवीत नाहींत’ असें म्हणण्याआधीं हे आंकडे डोळ्यांपुढें असावेत.

आतां मुलाकडचें येणें. पहिल्या सत्रांत, म्हणजे जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, अक्षरांपेक्षां संवयींची अपेक्षा करावी. एका जागीं कांहीं वेळ बसणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, आपली पाटी-पेन्सिल ओळखणें, लघवीला जावयाचें असल्यास न लाजतां सांगणें, दुसऱ्याची गोष्ट पुरी ऐकणें, हाच त्या महिन्यांतला खरा अभ्यास. मूल घरीं येऊन दमून झोपेल, पेन्सिली हरवील, डबा अर्धा परत आणील, आणि एखाद्या सकाळीं पोट दुखतें म्हणून सांगेल. यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. “आज काय शिकवलें ?” या प्रश्नाला “कांहीं नाहीं” हेंच उत्तर मिळतें, कारण सहा वर्षांच्या मुलाला आपण शिकलों हें कळलेलें नसतें. त्याऐवजीं “आज शेजारीं कोण बसलें होतें ?” किंवा “बाईंनीं कोणती गोष्ट सांगितली ?” असें विचारावें. मग तास न् तास उत्तर मिळतें.

हाताची तयारी ही दुसरी गोष्ट. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस व पुढें कोसबाडला बालशिक्षणाचें जें काम केलें, त्यांत आसपासचे खडे, बिया, पानें, माती हेंच मुलांचें साहित्य होतें. ज्या बोटांनीं शेंगा सोलल्या नाहींत, कणकेचा गोळा वळला नाहीं, रांगोळीचे ठिपके टाकले नाहींत, तीं बोटें पेन्सिल धरून लवकर दुखूं लागतात. दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढतात, तींतहि हाताला वळण लावण्याची सोय आहेच. अक्षर वेडेंवांकडें आलें म्हणून वही फाडण्यापेक्षां मुलाला स्वयंपाकघरांत मटार सोलावयास बसवावें. मूल डावखुरें असेल तर त्याला डाव्या हातानेंच लिहूं द्यावें. हात बदलण्याची सक्ती कदापि करूं नये.

वाचनाविषयीं घराघरांत सर्वांत अधिक गैरसमज असतात. पुष्कळ आजोबांना वाटतें कीं अ आ इ ई पाठ झालें म्हणजे वाचन आलें. वर्णमाला हा उच्चाराच्या स्थानांनीं लावलेला क्रम आहे, आणि तो अति सुंदर आहे. तैत्तिरीय उपनिषदांतील शीक्षावल्लीचा आरंभहि वर्णोच्चारापासूनच होतो. परंतु हाताला व डोळ्याला सोपा पडणारा क्रम निराळा. म्हणून शाळेंत ग, म, भ, न असे आकारानें जवळचे गट घेतात. त्यामुळें मुलाला क ख ग घ म्हणतां येत नाहीं, पण ‘मगन’ वाचतां येतें, असें कांहीं दिवस दिसेल. तें योग्यच आहे. घ-ध, भ-म, प-ष, ब-व हीं जोडपीं वर्षभर फसवितील. ‘ख’ हें ‘रव’ वाचलें जाईल. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं काढावयाची आणि उच्चारांत ती मागून येते, हा तर मुलाच्या दृष्टीनें सरळ अन्यायच आहे. या चुका आळसाच्या नव्हत. त्या लिपीच्या आहेत.

वर्षाअखेरीस किती यावें याचें मोजमापहि आज उपलब्ध आहे. केंद्र शासनानें ५ जुलै २०२१ रोजीं ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलें. त्याप्रमाणें पहिलीच्या अखेरीस मुलानें चार-पांच सोप्या शब्दांचें न पाहिलेलें वाक्य वाचावें. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत. आणि तिसरीच्या अखेरीस निदान ६० शब्द. वाचकांनीं पहिलीची अपेक्षा पुन्हां एकदां वाचावी. वर्तमानपत्र नाहीं, श्लोकांची पोथी नाहीं, जोडाक्षरांनीं भरलेला धडा नाहीं. चार-पांच शब्दांचें एक वाक्य, पण न पाहिलेलें. या ‘न पाहिलेलें’ या शब्दांत सर्व मर्म आहे. पुष्कळ मुलें पुस्तकाचें पान चित्रावरून ओळखून धडधड म्हणून दाखवितात आणि घरचीं माणसें कौतुकानें पाहत राहतात. तें पाठांतर आहे, वाचन नव्हे.

गणिताचें येणेंहि असेंच माफक आहे : ९९ पर्यंतच्या संख्या वाचणें व लिहिणें, आणि सोपी बेरीज-वजाबाकी. परंतु यांत मराठी मुलापुढें एक खास अडचण उभी असते. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतों तेव्हां तीन आधीं ऐकूं येतात व साठ मागून, कारण संस्कृतांतल्या ‘त्रिषष्टि’ची ठेवण आपण तशीच राखली आहे. कानाला तीन आधीं ऐकूं आले म्हणून मूल ३ आधीं लिहितें आणि ६३ चे ३६ होतात. त्यांतून ३ आणि ६ हीं एकमेकांचीं आरशांतलीं रूपें. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड. ‘एकोन’ म्हणजे एकानें उणा, हें वजाबाकी न शिकलेल्या मुलाला कसें कळावें? हीच अडचण ध्यानीं घेऊन २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची जोडरीत आली. मंगला नारळीकर त्या वेळीं गणित समितीच्या प्रमुख होत्या. वर्तमानपत्रांत आणि विधानसभेंतहि त्यावर वाद झाला. आमचें मत विचाराल, तर ‘त्रेसष्ट’ हा शब्द घरांतून जाऊं नये. परंतु मूल अडखळेल तेथें “म्हणजे साठ आणि तीन” एवढें सांगावयास भाषेचें कांहीं बिघडत नाहीं. आजोबांनीं पावकी-निमकी तूर्त बाजूला ठेवावी आणि दहा दहा काड्यांच्या जुड्या बांधून नातवापुढें टाकाव्यात. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या ज्यानें हातांत धरल्या, तो ६३ पुढें क्वचितच चुकतो.

आतां गृहपाठ. २०२० सालच्या राष्ट्रीय दप्तर-धोरणांत पहिली-दुसरीस गृहपाठ नसावा असें म्हटलें आहे. दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें असेंहि म्हटलें आहे. वीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो, एवढीच मर्यादा झाली. दप्तर एकदां घरच्या काट्यावर ठेवून पाहावें; पुष्कळदां त्यांतला निम्मा भार शाळेनें सांगितलेला नसून आपणच भरलेला असतो. आणि ज्या मुलाला गृहपाठहि नसावा, त्याला संध्याकाळीं खासगी शिकवणीस धाडणें याला काय म्हणावें ? शिक्षकानें खासगी शिकवणी करूं नये असें कायदा सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला तिची गरज नाहीं असें अनुभव सांगतो. संध्याकाळ ही अंगणाची.

ज्यांचीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत आहेत त्यांस दोन शब्द. कायद्यानें व २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंहि शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. तरी निवड ज्याची त्यानें केलेली असते, तिचा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. परंतु जी भाषा घरांत कानीं पडत नाहीं ती वाचावयास मुलाला अधिक वेळ लागणार, हें आधींच धरून चालावें. आणि मराठी वाचन शाळेवर न सोडतां घरांत आजीनें हातीं घ्यावें. नाहींतर नातवाला आजीचें पत्र वाचतां येऊं नये अशी पाळी येते, आणि तशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

काळजी खरोखर केव्हां करावी, हेंहि सांगितलें पाहिजे. फळ्यावरचें न पाहतां शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेणारें मूल लबाड नसून त्याला दूरचें दिसत नसेल. पाठीमागून हांक मारली असतां न वळणारें मूल हट्टी नसून त्याचा कान वाहत असेल. सहा वर्षांनंतरहि परक्या माणसाला त्याचें बोलणें समजत नसेल तर वाचातज्ज्ञास दाखवावें. अध्ययन-अक्षमतेचा उल्लेख २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यांत आहे. तिचें निश्चित निदान बहुधा आठव्या वर्षाच्या सुमारास होतें, कारण त्याआधीं उलटसुलट अक्षरें पुष्कळच मुलें काढतात व तीं पुढें सुधारतात. तोंवर एक पथ्य मात्र सर्वांनीं पाळावें. मुलाला ‘ढ’ म्हणूं नये. ब्राह्मी लिपीपासून ‘ढ’चा आकार फारसा बदलला नाहीं म्हणून मंदबुद्धीच्या मुलास ‘ढ’ म्हणतात, अशी एक उपपत्ति सांगतात. अक्षर बदललें नसेल, मूल बदलतें. पण घरांतल्या वडील माणसानें एकदां दिलेलें नांव त्याच्या मनांतून जावयास वर्षें लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. पहिलींत कोणी नापास होत नाहीं. महाराष्ट्रांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें, तेव्हांपासून मुलाच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी व नोंदी असतात. वार्षिक परीक्षेंत मागें ठेवण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें आली तीहि पांचवी व आठवीपुरती. लहान मुलाच्या डोक्यावरचें परीक्षेचें भय गेलें हें फार चांगलें झालें. परंतु त्याबरोबर घरच्या माणसांचा जागेपणाहि गेला. पूर्वीं नापासाचा शेरा आला म्हणजे सारें घर जागें होत असे. आतां मूल वाक्य वाचूं शकत नसतांहि दुसरींत जातें, दुसरीचें पुस्तक त्याला वाचतां येतें असें धरून लिहिलेलें असतें, आणि तिसरींत तर प्रत्येक विषय वाचूनच शिकावयाचा असतो. मूल वर्गांत बसलेलें असतें, हजेरी लागते, श्रेणीहि मिळते. आणि तें आंतल्या आंत मागें पडत जातें. पांचवींत हें उघडकीस आलें म्हणजे आईबाप शाळेला दोष देतात, शाळा घराला दोष देते, आणि मूल स्वतःला.

म्हणून मार्च महिन्यांत एका निवांत सकाळीं घरींच तीन गोष्टी पाहाव्यात. परीक्षा असें नांव घेऊं नये. एका कोऱ्या कागदावर “आजी बाजारातून पिवळी केळी आणते” असें एखादें वाक्य लिहून मुलाला वाचावयास द्यावें आणि “काय आणते ?” म्हणून विचारावें. त्रेपन्न हरभरे मोजून घेऊन संख्या लिहावयास सांगावी. आणि आज काय घडलें तें चार वाक्यांत सांगावयास लावावें. तिन्ही जमलीं तर वर्ष उत्तम गेलें. प्रगतिपत्रक कांहींहि म्हणो. एखादें अडलें तर रागावूं नये. दुसऱ्याच दिवशीं बाईंना भेटावें, आणि उन्हाळ्याची सुट्टी हातीं आहे हें ध्यानांत ठेवावें. रोजचीं पंधरा मिनिटें दोन महिने दिलीं तर पहिलीची तूट भरून निघते. पांचवींत तीच भरावयास कित्येक पटींनीं कष्ट पडतात.

एकत्र कुटुंबाला येथें एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग करावा. आजीनें रोज एक गोष्ट सांगावी व एक वाचून दाखवावी. आजोबांनीं काड्यांच्या जुड्या सांभाळाव्यात. काकानें शनिवारीं बाजारांत नेऊन सुटे पैसे मोजूं द्यावेत. शिक्षकांना भेटावयास आई व वडील यांपैकीं एकानें, पण नेहमीं त्यानेंच किंवा तिनेंच, जावें. आणि अभ्यासाविषयीं मुलादेखत मत देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा. बाकीच्यांनीं आपलीं मतें मूल झोपल्यावर मांडावींत. सारा भार आईवर टाकून तिच्या शिकवण्याला नांवें ठेवणें हें तर कोणत्याच घराला शोभत नाहीं.

असो. पुढील अंकीं दुसरीचें वर्ष आणि जोडाक्षरें यांविषयीं लिहूं. तोंवर ज्यांच्या घरीं पहिलीचें मूल असेल त्यांनीं आज रात्रीं त्याला गिरवावयास न बसवितां जवळ घेऊन एक गोष्ट वाचून दाखवावी, आणि वाचतांना बोट शब्दांखालून सरकत ठेवावें.